एकाच बाटलीचा दाखला

आमच्या प्रयोगशाळेत पिण्याच्या पाण्यातले जड धातू तपासतात. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, क्रोमियम. मशीन आहे आयसीपी-एमएस. हे मशीन थेट मायक्रोग्रॅम सांगत नाही. सेकंदाला किती आयन आले एवढंच ते मोजतं. त्या काउंट्सवरून मायक्रोग्रॅम काढायचे तर आधी तीव्रता माहीत असलेलं द्रावण लागतं. त्याला आम्ही स्टँडर्ड म्हणतो. लिटरला १००० मिलिग्रॅम धातू असलेली बाटली विकत मिळते. ती पातळ करत करत लिटरला १, ५, १०, २० मायक्रोग्रॅमपर्यंत आणायची, त्यावर कॅलिब्रेशन कर्व्ह काढायचा आणि नमुने त्या कर्व्हवर वाचायचे. म्हणजे सगळी मदार त्या बाटलीवर. अशाच एका बाटलीमुळे आमचे रिपोर्ट चुकीचे गेले. ते कसं सापडलं आणि नंतर काय बदललं, ते इथे सांगते.

सुरुवात झाली ती तुलनेपासून. अधूनमधून आम्ही दुसऱ्या एका प्रयोगशाळेबरोबर नमुने वाटून घेतो. अर्धं पाणी त्यांच्याकडे, अर्धं आमच्याकडे. त्या उन्हाळ्यात त्यांचे आकडे आले आणि आमच्याशी ताडून पाहिले. आर्सेनिक जुळलं. कॅडमियम, क्रोमियमही जुळलं. शिसं मात्र आमच्याकडे कमी होतं. एखाद्याच नमुन्यात फरक असता तर मोजमापाच्या अनिश्चिततेत तो खपून गेला असता. पण इथे प्रत्येक नमुना कमीच होता, आणि तोही जवळजवळ सारख्याच प्रमाणात, साधारण शंभराला अकरा. योगायोगाने आलेला फरक कधी वर जातो, कधी खाली. हा एकाच बाजूला होता.

पहिला संशय नमुन्यांच्या बाटल्यांवर आला. ॲसिड नसलेल्या पाण्यातलं शिसं बाटलीच्या भिंतींना चिकटून बसतं. म्हणून नमुना घेतला की नायट्रिक ॲसिडने त्याचा पीएच २ च्या खाली आणतात. पण हे पाणी वाटण्याआधीच ॲसिड घातलं होतं आणि दोन्हीकडच्या बाटल्या एकाच खोक्यातल्या होत्या. तो संशय मिटला.

मग पिपेट तपासली. इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाणी सोडून वजन घेतलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आमच्याकडच्या उन्हाळ्यात एक मिलिलिटर पाणी पूर्ण एक ग्रॅम भरत नाही. ३० अंशांना ते सुमारे ०.९९५ ग्रॅम भरतं. हा हिशेब धरला की पिपेट बरोबर निघाली. फ्लास्कवरचं तापमानही पाहिलं. काही फ्लास्क २० अंशांना प्रमाणित असतात, काही २७ अंशांना. त्याने फरक पडतो, पण तो अगदी किरकोळ. शंभराला अकरा नाही.

आमच्या सरांनी आणखी एक शंका काढली. शिशाचे समस्थानिक सगळीकडे एकाच प्रमाणात नसतात. कुठल्या खाणीचं शिसं आहे त्यावर ते ठरतं. मशीन फक्त २०८ वस्तुमानाचं शिसं मोजत असेल तर स्टँडर्डमधलं शिसं आणि नळाच्या पाण्यातलं शिसं यांची तुलना बिघडते. म्हणून २०६, २०७ आणि २०८ यांची बेरीज घ्यायची असते. सेटिंग उघडून पाहिलं. बेरीजच घेतली जात होती.

त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही, कारण आमचे सगळे चेक पास होत होते. दर दहा नमुन्यांनंतर आम्ही १० मायक्रोग्रॅमचा क्वालिटी कंट्रोल लावतो. तो ९.९, १०.१ असा सुरेख येत होता. नमुन्यात मुद्दाम ठरावीक शिसं घालून किती परत मिळतं, तेही पाहिलं. रिकव्हरी ९९ टक्के. कागदावर कुठेच काही चुकत नव्हतं.

मग सरांनी एक साधा प्रश्न विचारला. “कर्व्ह कुठल्या बाटलीतून केला? क्वालिटी कंट्रोल कुठल्या बाटलीतून केला? आणि नमुन्यात घातलेलं शिसं?” तिन्हींचं उत्तर एकच होतं. ज्या तराजूने माल विकला, त्याच तराजूने तो पुन्हा तोलून पाहण्यासारखं हे होतं. बाटलीत काही बिघडलं असेल तर तिन्ही आकडे सारखेच बिघडणार आणि एकमेकांशी छान जुळणार.

कपाटातून बाटली काढली. पाचशे मिलिलिटरची प्लास्टिकची बाटली, तळाशी उरलेलं द्रावण. लेबलवर एक्स्पायरीची तारीख होती आणि ती उलटलेली नव्हती. पण ती तारीख सीलबंद बाटलीची. उघडली कधी, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. झाकण उजेडात धरलं तेव्हा आतल्या आट्यांवर केसाएवढी चीर दिसली. ज्या खोलीत कपाट आहे तिथला एसी रात्री बंद असतो आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. पाणी हळूहळू उडत गेलं. शिसं उडत नाही, ते आतच राहतं. भरलेल्या बाटलीतून दहा-बारा मिलिलिटर गेले तर फारसं बिघडत नाही. पण शंभरेक मिलिलिटरच उरलेलं असताना तेवढंच पाणी गेलं, तर द्रावण शंभराला बाराने दाट होतं.

स्टँडर्ड दाट झाला तर नमुने कमी का दिसतात, हे आमच्या नव्या मुलांना चटकन कळत नाही. आपण ज्याला १० म्हणतो ते खरं ११.२ असतं. मशीन ११.२ चे काउंट्स पाहतं आणि आपण त्यांना १० नाव देतो. मग नळातलं १०.८ आपल्याला ९.६ दिसतं.

या आकड्यांना महत्त्व आहे. आयएस १०५०० : २०१२ प्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. ९.६ पास, १०.८ नापास.

खात्रीसाठी दुसऱ्या उत्पादकाकडून प्रमाणित द्रावण मागवलं. या वेळी मी फक्त लेबल पाहिलं नाही, सर्टिफिकेट ओळ न ओळ वाचलं. जुन्या बाटलीवर ‘एनआयएसटी ट्रेसेबल’ एवढंच छापलं होतं. नव्याच्या कागदावर तीव्रता होती, तिची अनिश्चितता आणि ती कुठल्या विश्वासपातळीला आहे ते होतं. लॉट नंबर होता, उत्पादकाची आयएसओ १७०३४ ची मान्यता होती आणि ज्या संदर्भद्रव्याशी तुलना केली त्याचं नाव होतं. ही साखळी मागे मागे जाते ती शुद्धता माहीत असलेल्या धातूपर्यंत. तो धातू तोलायचा, ॲसिडमध्ये विरघळवायचा, द्रावणही तोलायचं. अमेरिकेतल्या एनआयएसटीच्या ३१०० मालिकेतली एका धातूची द्रावणं अशीच वजनावर आधारलेली असतात. त्यांची तीव्रता ग्रॅममध्ये किती मिलिग्रॅम अशी देतात, कारण तापमानाने आकारमान बदलतं, वजन बदलत नाही. आपल्याकडे हे काम दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा बघते. त्यांच्या प्रमाणित द्रव्यांना भारतीय निर्देशक द्रव्य म्हणतात. साखळीतला प्रत्येक दुवा आपल्या अनिश्चिततेसह लिहिलेला हवा. नाहीतर ‘ट्रेसेबल’ या छापील शब्दाला काही किंमत नाही.

नव्या द्रावणावर जुनी बाटली मोजली. लेबल १००० सांगत होतं, मशीन सुमारे ११२० सांगत होतं. मग राखून ठेवलेले नमुने नव्या कर्व्हवर वाचले. दुसऱ्या प्रयोगशाळेशी शिसं जुळलं.

सुटल्यासारखं वाटलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. जुन्या बाटलीवर गेलेले रिपोर्ट शोधायचे होते. तुलना जुळत होती ती शेवटची वेळ धरली आणि तिथपासूनचे सगळे रिपोर्ट काढले. नमुने शिल्लक होते तिथे पुन्हा मोजले, नव्हते तिथे नवे मागवले. बहुतेक ठिकाणी निकाल बदलला नाही. मर्यादेच्या काठावर असलेलं एका शाळेच्या नळाचं पाणी मात्र पासचं नापास झालं. मुख्याध्यापकांना फोन मलाच करायचा होता. बराच वेळ नंबर समोर ठेवून बसले होते. ते चिडले नाहीत. “मॅडम, मुलांना आज कुठलं पाणी द्यायचं तेवढं सांगा,” म्हणाले. तो नळ त्याच दिवशी बंद केला. नंतर नमुने जागोजागी घेतल्यावर कळलं की शिसं बोअरच्या पाण्यात नव्हतं. ते नळाच्या जुन्या पितळी जोडणीतून येत होतं. जोडणी बदलली आणि पाणी पास झालं.

आता आमच्याकडे काही गोष्टी ठरून गेल्या आहेत. कर्व्ह एका उत्पादकाच्या बाटलीतून, क्वालिटी कंट्रोल दुसऱ्याच्या. दोन्हींत पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर त्या दिवशी रिपोर्ट निघत नाही. बाटली उघडली की तारीख आणि सही लेबलवर. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेत नाही, वर्षभरात संपेल तेवढीच घेतो. खरं प्रमाणित पाणी, म्हणजे ज्यातल्या धातूंचे आकडे आधीच ठरलेले आहेत ते, दर तिमाहीला अनोळखी नमुन्यासारखं लावतो.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो बिनखर्चाच्या गोष्टीचा. स्टँडर्ड काढून झाकण लावलं की बाटली काट्यावर ठेवायची आणि वजन लेबलवर लिहायचं. पुढच्या वेळी उघडण्याआधी पुन्हा तोलायची. दोन्ही वजनं जुळली तर पाणी उडालेलं नाही. जुळली नाहीत तर बाटली बाद. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. काटा प्रत्येक प्रयोगशाळेत असतोच.

पाणी तपासून घेणाऱ्यांनीही एक करावं. आकडा मर्यादेच्या जवळ असेल तर प्रयोगशाळेला अनिश्चितता विचारावी आणि तपासणीची बाटली कर्व्हच्या बाटलीपेक्षा वेगळी होती का, हेही विचारावं. आम्हाला आता कुणी हे विचारलं तर आम्ही दोन्ही सर्टिफिकेटं रिपोर्टसोबत पाठवतो.