आईकडची वाट

बोस्टनला स्टेट हाउससमोर ॲन हचिन्सनचा पुतळा पाहिला, १९२२ मध्ये उभारलेला. तिला बिलगून तिची लेक उभी आहे. तेव्हापासून ही बाई मनातून जात नाही. घरी बायकांना जमवून ती धर्मावर बोलायची. त्यापायी १६३७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सत्ताधाऱ्यांनी खटला चालवून तिला हद्दपारीची शिक्षा दिली.

हल्ली संध्याकाळी तिच्या पूर्वजांचा माग काढत बसते. १५९१ मध्ये इंग्लंडातल्या अल्फर्डला तिचा बाप्तिस्मा झाला. वडील फ्रान्सिस मार्बरी धर्मोपदेशक. अपात्र माणसांना धर्मोपदेशक नेमता, असं चर्चच्या वरिष्ठांना सुनावल्याबद्दल १५७८ मध्ये त्यांच्यावरही खटला झाला होता. बापलेकीच्या दोन खटल्यांमध्ये जवळजवळ साठ वर्षं आणि एक अख्खा महासागर. वाचताना अंगावर काटा आला.

आईकडे वळलं की वाट अरुंद होते. ॲनची आई ब्रिजेट ड्रायडन, तिची आई एलिझाबेथ कोप. दर पिढीला आडनाव नवं. एकेक बाई सापडते ती कुणाची मुलगी, कुणाची पत्नी म्हणून. खटल्यांची टिपणं उरतात; बाळंतिणीच्या उशाशी जागवलेल्या रात्री कोण लिहून ठेवणार? ॲन सुईणीचं काम करायची, स्वतः पंधरा मुलांची आई होती. वादाची धार वडिलांची म्हणावी. पण हातांतला तो धीर? माझं मन ब्रिजेटपाशीच घुटमळतं. तिच्याही मागच्या बायकांना नावानिशी ओळखावं, असं फार वाटतं.