आधी उलटून पाहावी

स्वीडनमध्ये जुलैत चांगला पाऊस झाला की जंगलात कांतारेल दिसू लागते आणि शरद संपेपर्यंत मिळत राहते. ही पिवळी अळंबी नजरेत भरते खरी, पण बर्चची गळलेली पानंही तशीच पिवळी असतात. म्हणून मी आधी झाडं बघते. स्प्रूस, पाइन, बर्च, ओक यांच्या जिवंत मुळांशी तिचं देणंघेणं चालतं: ती पाणी आणि क्षार पुरवते, झाड तिला साखर देतं. या सोबतीवाचून ती जगत नाही, त्यामुळे बटण मशरूमसारखी तिची शेती होत नाही. एकदा जागा सापडली की वर्षानुवर्षं तिथेच उगवते. जागा मात्र कुणी कुणाला सांगत नाही.

हाती आलेली प्रत्येक अळंबी मी उलटून पाहते. रंगावर माझा भरवसा नाही. कांतारेलच्या टोपीखाली सुटे पापुद्रे नसतात. बोथट वळ्या असतात, फाटे फुटत थेट देठावर उतरलेल्या. नख लावलं तरी त्या सुट्या होत नाहीत, कारण त्या अंगाचाच भाग असतात. तिच्यासारखीच दिसणारी एक नारिंगी अळंबी कुजक्या लाकडापाशी उगवते. तिचे पातळ, दाट पापुद्रे बोटानेही निघून येतात. ती पोट बिघडवू शकते. मग देठ उभा फाडायचा. कांतारेल असेल तर आत फिकट पांढरा गर, आणि नाकाशी धरली तर जर्दाळूचा वास.

कोकणातून आलेल्या माणसाने इथे सर्वांत जास्त जपावं ते पांढऱ्या अळंबीपासून. आपल्याकडे पावसाळ्यात वारुळावर येणारी अळंबी पोरंटोरंही ओळखतात, कारण वारूळच खूण सांगतं. इथे तसं वारूळ नाही. इथे स्प्रूसखाली अमॅनिटा व्हायरोसा उभी असते, पांढरीशुभ्र, देखणी. ती खाल्ल्यावर कित्येक तास काहीच जाणवत नाही, आणि तोवर विष यकृतात पोचलेलं असतं. शिजवूनही ते जात नाही. तिची खरी खूण, बुंध्याशी असलेली पिशवी, मातीत दडलेली असते. वरून चाकूने कापली तर ती खूण जमिनीतच राहते. म्हणून अनोळखी अळंबी बुडापासून काढूनच बघावी.

उपटल्याने पुढचं पीक बुडतं, असं मानणारे पुष्कळ आहेत. स्वित्झर्लंडमध्ये 1975पासून जवळपास तीन दशकं हे तपासून पाहिलं गेलं: उपटा की कापा, पुढच्या पिकात फरक पडत नाही, पायदळी तुडवलेल्या जमिनीत मात्र अळंब्या कमी येतात. हे कळल्यापासून मी सोबतच्या मंडळींना शेवाळावरून घोळक्याने फिरू देत नाही.

त्यांच्यातलं कुणी ‘बहुतेक तीच असावी’ म्हणालं, तर ती अळंबी टोपलीत जात नाही. घरी आल्यावर ब्रशने कांतारेलवरची माती झाडायची, कोरड्या तव्यावर टाकायची, सुटलेलं पाणी आटू द्यायचं आणि मगच लोणी, मीठ. लसूण मी घालत नाही. तिचा स्वतःचा वास त्याखाली दबून जातो.