कोरा अंगठा

परळच्या एका चाळीत आमचे एका खोलीचे बिऱ्हाड होते. माझे वडील, म्हणजे दादा, कापडगिरणीत हमाल होते. कापडाच्या गासड्या पाठीवर घेऊन गाडीपर्यंत पोचवावयाच्या, हे त्यांचे काम. प्रत्येक गासडीवर कापडाची जात, तागे आणि मीटर लिहिलेले असत. परंतु दादांना अक्षरओळख नव्हती. पगाराच्या दिवशी त्यांच्या डाव्या अंगठ्यावर निळी शाई असे. घरी येताच मोरीवर बसून ते ती दगडाने घासून काढीत.

१९६४ साली मी पाचवीत होतो. एके दिवशी दादांनी दोन गासड्या भलत्याच गाडीत चढविल्या. चारचौघांत त्यांना बोलणी बसली. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते रात्रीच्या साक्षरता-वर्गाला जाऊ लागले.

कष्टकऱ्यांसाठी असे वर्ग आपल्याकडे नवे नव्हते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रशाळा काढली होती. मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालविली.

दादांचे गुरुजी मोठे चतुर. त्यांनी फळ्यावर पहिला शब्द ‘कमळ’ लिहिला नाही, ‘गासडी’ लिहिला. मग ‘सूत’, ‘पाळी’, ‘पगार’. ते म्हणत, “जी वस्तू तुम्ही रोज पाठीवर वाहता, ती आज डोळ्यांनी उचला!”

एका रात्री दादा पाटीवर ‘साचा’ लिहीत होते. दिवसभर ओझी वाहून बोटे ताठरली होती. ‘स’ उलटा निघाला, आणि मी खो खो हसलो. दादा काही बोलले नाहीत. पाटी फळीवर ठेवून ते निजले. पुढचे दोन दिवस ते वर्गाला गेलेच नाहीत. आई मला एवढेच म्हणाली, “तू चालायला शिकताना पडायचास, तेव्हा हे कधी हसले नव्हते रे!”

तिसऱ्या संध्याकाळी मी पाटी खाली काढली, स्वच्छ पुसली, पेन्सिलीला टोक केले आणि म्हणालो, “दादा, चुकलो मी. मला गणिते करायची आहेत. तुम्हीही बसा ना जवळ!” त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरविला आणि पाटी पुढे ओढली.

वर्षभराने गासड्यांवर मजकूर लिहिणाऱ्याची जागा रिकामी झाली. खात्याच्या मुख्यांनी तिघांना एक चिठ्ठी वाचावयास दिली. दादांनी ती अडखळत, पण पुरी वाचली. जागा त्यांना मिळाली. पगार वाढला, पाठीवरचे ओझे उतरले. त्यांच्याच शेजारी बसून शिकलेले आमच्या चाळीतील एक काका मात्र हमालच राहिले, कारण जागा एकच होती. गावची पत्रे ते आता स्वतः वाचू लागले होते, हे खरे, तरी दादा हळहळून म्हणत, “शिकलेल्या माणसाला चढायला पायरीही हवी!”

गिरणगावातील बहुतेक गिरण्या आज बंद झाल्या आहेत. दादाही आता नाहीत. परंतु नव्या जागेचा पहिला पगार घेऊन ते घरी आले, तो दिवस मला आठवतो. त्या दिवशी ते मोरीवर गेले नाहीत. दारातूनच त्यांनी मला हाक मारली आणि आपला डावा अंगठा माझ्यापुढे धरला.

तो कोरा होता.