लाल शाईतली ओळ

2017च्या फेब्रुवारीत बीसीएच्या दुसऱ्या वर्षाची वेब डिझाइनची जर्नलं तपासत होते. एका मुलीच्या प्रिंटआउटवर एका ओळीभोवती मी लाल गोल काढला आणि शेजारी लिहिलं, 'हे शिकवलेलं नाही. कुठून घेतलं?' 25 पैकी 14 गुण दिले आणि पुढचं जर्नल ओढलं.

तिचं पान साधं होतं. वडिलांच्या रोपवाटिकेची माहिती, केसर आंबा, भगवा डाळिंब, सीताफळ यांच्या रोपांचे दर, पत्ता आणि फोन नंबर. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं, फोटो एकच. त्याच बॅचमधल्या एका मुलाच्या पानावर सरकणारी अक्षरं होती, बदलत राहणारे फोटो होते, तीन रकान्यांची रंगीत मांडणी होती. त्याला मी 22 दिले. तेव्हा मला वाटत होतं की मी अगदी न्यायाने गुण देते आहे.

वेब डिझाइन मी 2006पासून शिकवत होते आणि वह्याही त्याच वर्षीच्या होत्या. टेबल टाकून पानाचे रकाने पाडायचे, फाँट टॅगने अक्षराला रंग द्यायचा, मार्की टॅगने मजकूर सरकवायचा. पानाची रुंदी 1024 पिक्सेल, कारण आमच्या लॅबचे मॉनिटर तेवढे होते. मजकूर एकीकडे आणि त्याचं रूप दुसरीकडे ठेवता यावं म्हणून सीएसएस आलं, त्याची पहिली अधिकृत आवृत्ती 1996ची. पानाने स्क्रीनच्या मापाप्रमाणे आपली मांडणी बदलावी, या विचाराला एथन मार्कॉट यांनी 2010मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव दिलं. यातलं मला काही ठाऊक नव्हतं असं नाही. पण प्रश्नपत्रिका जुन्या वह्यांतूनच सुटत होती, निकाल चांगला लागत होता, म्हणून मी वह्या बदलल्या नाहीत. 2016नंतर डेटा स्वस्त झाला आणि बघता बघता वर्गातल्या बहुतेकांच्या खिशात इंटरनेट आलं. माझ्या लॅबचा नियम मात्र तोच राहिला : मोबाईल बॅगेत, बॅग दाराशी.

2017च्याच प्रवेशाच्या दिवसांत गुणवत्ता यादीचं पान तयार करायचं काम माझ्याकडे आलं. जसं शिकवत होते तसंच मी ते केलं. रुंद टेबल, डावीकडे नाव, उजवीकडे टक्के आणि क्रमांक. यादी लागली त्या सकाळी ऑफिसच्या खिडकीपाशी पालकांची रांग लागली. एका गृहस्थांनी फोन माझ्यापुढे धरला. दोन बोटांनी त्यांनी पान मोठं केलं तर मुलीचं नाव दिसायचं, पण क्रमांक उजवीकडे निघून जायचा. क्रमांकाकडे सरकवलं की नाव हरवायचं, आणि आपण कुठल्या ओळीवर आहोत तेच कळेनासं व्हायचं. तीन-चारदा खटाटोप करून ते म्हणाले, "मॅडम, तेवढं वाचून दाखवा की." त्यांना वाचता येत होतं. माझं पान वाचता येत नव्हतं.

रात्री मी उपाय शोधायला बसले आणि पहिल्या पाच मिनिटांतच एक ओळ समोर आली. मेटा व्ह्यूपोर्ट. ती नसली की मोबाईलचा ब्राउझर समोरचं पान मोठ्या संगणकासाठी आहे असं धरतो, साधारण 980 पिक्सेल रुंदीवर ते मांडतो आणि मग सगळंच आकसून छोट्या स्क्रीनवर बसवतो. ती ओळ त्याला सांगते की रुंदी या फोनचीच धर. मी त्या ओळीकडे बघत राहिले. ही ओळ मी कुठेतरी पाहिली होती. लाल गोलात.

दुसऱ्या दिवशी कपाटातून ते जर्नल काढलं. ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाला होती. तिला बोलावून विचारलं, ही ओळ का टाकली होतीस? ती म्हणाली, "बाबांच्या फोनवर पान उघडलं तर अक्षर फार बारीक दिसत होतं. दर वाचता येईनात त्यांना. म्हणून शोधून टाकली होती, मॅडम." आणि थांबून म्हणाली, "पण मग काढली मी ती. तुम्ही चूक म्हणाला होतात ना."

हे मला अजून लागतं. तिचे गुण कमी गेले, ते विद्यापीठाकडे जाऊन पोचले होते आणि बदलणं माझ्या हातात राहिलं नव्हतं. पण त्याहून वाईट हे की शिकवणारीच्या शाईने एक बरोबर गोष्ट चूक ठरवली होती, आणि तिकडे तिच्या वडिलांच्या फोनवरचं अक्षर पुन्हा बारीक झालं होतं. पान ज्याच्यासाठी करायचं त्याच्या हातात दिलं, तो कुठे अडतो ते पाहिलं, अडचणीचं कारण शोधलं आणि दुरुस्ती केली. डिझाइनचं काम हेच असतं. सगळ्या वर्गात ते तिने एकटीने केलं होतं, आणि ते ओळखायला मी कमी पडले.

यानंतर मी लगेच सुधारले, असं सांगितलं तर ते खोटं होईल. पुढच्या वर्षी मी घाईने दुसरी चूक केली. बूटस्ट्रॅप आणलं. तयार चौकट, बारा रकान्यांची जाळी, योग्य क्लास लिहिले की पान फोनवर आपोआप नीट बसतं. महिन्याभरात सगळ्यांची पानं फोनवर सुरेख दिसू लागली आणि सगळी एकसारखी दिसू लागली. ओरलला एकाला विचारलं, इथे बारापैकी सहाच का लिहिलंस? तो म्हणाला, "तुमच्या उदाहरणात सहा होतं." अडचण मुलांना भेटायच्या आधीच मी त्यांच्या हातात उत्तर ठेवलं होतं. आधी मुलं जुन्या वहीतून उतरवून घेत होती, आता नव्या वहीतून, एवढाच फरक.

तिसरी चूक हाताची होती. "मॅडम, येत नाहीये," अशी हाक आली की मी "सरक जरा" म्हणून खुर्चीत बसायचे, दहा सेकंदांत राहिलेलं अवतरणचिन्ह घालायचे आणि उठायचे. मुलाला वाटायचं मॅडम हुशार आहेत. त्याला मात्र काहीच मिळायचं नाही. एचटीएमएलच्या बाबतीत हे जास्त घातक, कारण चुकलं तरी ब्राउझर तक्रार करत नाही. तो आपल्या परीने सावरून घेतो आणि काहीतरी दाखवतो. कुठे चुकलं ते शोधायची सवय माणसालाच लावून घ्यावी लागते, आणि ती मी लागूच दिली नाही. आता हात मागे बांधून उभी राहते. गेल्या वर्षी एकाचा फोटो लॅबमध्ये दिसायचा, सर्व्हरवर चढवला की दिसायचा नाही. फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल आणि कोडमध्ये स्मॉल. विंडोजला त्याने फरक पडत नाही, आमचा सर्व्हर लिनक्सचा, त्याला पडतो. मी एवढंच म्हटलं, नाव एकेक अक्षर मोठ्याने वाच. चाळीस मिनिटं गेली. पण ते त्याला सापडलं, आणि पुढच्या तासाला शेजारच्या मुलीचं तसंच दुखणं त्याने बसल्या जागेवरून ओळखलं.

आता पहिल्या दोन प्रॅक्टिकलना मी एकही टॅग फळ्यावर लिहीत नाही. मुलांनी घरचा एक माणूस निवडायचा. कुणी आत्या निवडते, कुणी दूध संकलन केंद्रावर बसणारे काका. त्या माणसाला एखादं पान त्याच्याच फोनवर उघडून द्यायचं, पाच मिनिटं मध्ये न बोलता बघत बसायचं आणि बोट कुठे थबकलं ते लिहून आणायचं. कुणी लिहून आणतं की वेलांट्या वरच्या ओळीला चिकटल्यात, कुणी आणतं की फोन नंबर चित्रात आहे, दाबला तर लागत नाही. त्या नोंदींवरून सीएसएसचा धडा सुरू होतो. अभ्यासक्रम पुरा करताना शेवटी धावपळ होते, आणि एखाद्या वर्षी निकाल थोडा खालीही येतो. ते मी पत्करलं आहे.

त्या मुलीशी बोलणं झाल्यावर तिच्या जर्नलमध्ये लाल गोलाखाली मी लिहिलं, 'ही ओळ बरोबर आहे. चूक माझी होती.' सही केली, तारीख घातली आणि तिच्या वर्गासमोर जर्नल तिला परत दिलं. संध्याकाळी तिने ओळ पुन्हा घातली.

'कुठून घेतलं?' हा प्रश्न मी अजूनही विचारते. फक्त आता तो जर्नलवर लिहीत नाही. समोर बसवून विचारते, आणि उत्तर येईपर्यंत थांबते.