दहा मीटरचं अंगण

१ ऑगस्ट २०२४ च्या दुपारी स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ घेतलं, तेव्हा आम्ही कळंबच्या शाळेत स्टाफरूममध्ये एका मोबाइलभोवती गोळा झालो होतो. पन्नास मीटरवरचं लक्ष्य. आधी गुडघ्यावर बसून, मग झोपून, शेवटी उभं राहून मारायचं. ४५१.४ गुण. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. संध्याकाळी घरी आलो तर लेक ट्रंकेतून एक कागद काढून बसली होती. एनसीसीच्या कॅम्पात तिनं पॉइंट टू-टू रायफलीतून पाच गोळ्या झाडल्या होत्या, त्याचा तो कागद. पाचही भोकं चहाच्या बशीखाली झाकली जातील एवढ्यात.

"अण्णा, तसलीच एक घेऊ की आपण. स्पर्धेला नको. घरी मारू, तुम्ही आन् मी."

मी नाही म्हणालो नाही. मलाही लहानपणापासून ओढ होतीच. येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत चुनखडी वेचून झाली की मी बंदुकीनं फुगे फोडायच्या स्टॉलवर जाऊन उभा राहायचो. खिशातले पैसे संपेपर्यंत हलायचो नाही.

पण पॉइंट टू-टू म्हणजे खरं अग्निशस्त्र. १९५९ च्या शस्त्र कायद्यात रायफल क्लबच्या सभासदाला लक्ष्यवेधासाठी परवाना देण्याची तरतूद आहे आणि त्यात पॉइंट टू-टूचा नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे हौशी माणसाला वाट आहे. ती वाट क्लबचं सभासदत्व, जिल्हाधिकारी कार्यालयातला अर्ज आणि पोलीस पडताळणी यांतून जाते. पुढे प्रत्येक काडतुसाचा हिशोब, घरात कुलूपबंद जागा. आणि एवढं करून मारायचं कुठं? पन्नास मीटरची सुरक्षित रेंज आमच्या अंगणात होत नाही. ती गोळी चुकली तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आमच्या मागं सोयाबीनचं रान, रानात बायका खुरपायला असतात. मी लेकीला हे सगळं कागदावर मांडून दाखवलं. तिनंच पॉइंट टू-टूवर काट मारली.

राहिली एअर रायफल. ४.५ मिलिमीटरची, ज्याला दुकानदार 'वन सेव्हन सेव्हन' म्हणतात. या बोअरची आणि वीस ज्यूलच्या आतली असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही, ओळखीचा पुरावा द्यावा लागतो. अभिनव बिंद्राचं २००८ चं सुवर्ण याच बोअरच्या रायफलीवरचं, दहा मीटरवरचं. म्हणजे हे खेळणं नव्हे. दहा मीटरच्या कागदावर दहाचं वर्तुळ फक्त अर्ध्या मिलिमीटरचं असतं, पेनानं टेकवलेल्या ठिपक्याएवढं.

पहिल्या खरेदीत मी चुकलो. एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेलो. दुकानदार प्रत्येक बंदुकीचा वेग सांगायचा: ही आठशे फूट सेकंदाला, ही हजार. मी हजारवाली घेतली, वर दुर्बीण फुकट. घरी आल्यावर कळलं की ती ताणायला माझंच मनगट भरून येतंय. नळी मोडून खाली ओढायची, आत स्प्रिंग दाबली जाते, मग छर्रा घालून नळी मिटवायची. लेकीला ते पोटाचा आधार घेऊन करावं लागायचं. दहा बार झाले की तिचे हात थरथरायचे, आणि थरथरत्या हातानं कसला नेम? दुर्बिणीची फुली साठ-सत्तर बारांतच सरकायला लागली. जोरदार स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का दोन बाजूंनी असतो, आधी मागं आणि दट्ट्या आपटला की पुढं. हलक्या दुर्बिणीच्या काचा त्यात टिकत नाहीत.

ऑलिंपिकमधली दहा मीटरची रायफल छर्रा सोडते तो सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास, म्हणजे पावणेसहाशे फुटांच्या थोडं आत. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. हजाराची गरजच नव्हती. कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही, प्रत्येक बार आधीच्या बारासारखा सुटावा लागतो. हे मला दुकानात कुणी सांगितलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

ती बंदूक ओळखीतल्या एकाला कमी पैशात दिली. दुसऱ्या वेळी लेकीला सोबत नेलं आणि दुकानात वेगाचा विषयच काढला नाही. बंदूक तिच्या हातात द्यायला लावली. खांद्याला दस्ता लावून गाल टेकवल्यावर मान न वाकवता डोळा साइटच्या रेषेत येतो का? पन्नास वेळा ताणता येईल का? चाप एकदम निसटतो, की आधी थोडा सरकून मग ठाम जागी अडतो? दुसऱ्या तऱ्हेचा बरा, कारण बोटाला कळतं की आता पुढं बार आहे. दुर्बीण नकोच म्हणालो, साधी माशी आणि मागची खाच पुरे. दाबलेल्या हवेच्या, म्हणजे पीसीपी रायफली बिनधक्क्याच्या आणि फार गोड असतात, पण पंप वेगळा घ्यावा लागतो. परदेशी स्पर्धेच्या रायफलीचे आकडे लाखांत. प्रेसिहोलसारख्या आपल्याकडच्या कंपन्या आता स्प्रिंगच्याही करतात आणि पीसीपीही. आम्ही मधल्या ताकदीची देशी स्प्रिंगची घेतली. दुकानदारानं आधारची झेरॉक्स ठेवून पावती दिली. ती पावती आजही बंदुकीच्या पिशवीतच असते.

घरी येऊन गोठ्याच्या भिंतीपासून टेपनं दहा मीटर मोजले. जवळपास तेहतीस फूट. तेलाचा पंधरा किलोचा डबा आडवा ठेवला, तोंडाकडची बाजू कापली, आत जुनी गोधडी घट्ट कोंबली, मागं मातीची पोती रचली. नुसता पत्रा लावायचा नाही, छर्रा उलटून डोळ्यात येतो. पोलीस पाटलांना आधीच सांगून ठेवलं. आईची मात्र वेगळी अट होती. "पाखराला लागलं तर तसली वस्तू माझ्या घरात राहायची न्हाई." होले, चितूर, मोर आमच्या बांधावर रोजचे. गावातली दोन पोरं पहिल्याच दिवशी विचारून गेली, होला पाडून दाखवता का. त्यांना घरात बसवून चहा दिला आणि कागदावर मारायला शिकवलं. त्यातला एक आता दर रविवारी येतो.

सुरुवातीला आमची भोकं कागदभर पसरायची. वाटलं, पुन्हा फसलो. मग ध्यानात आलं की स्प्रिंगची बंदूक आवळून धरली की बिघडते. डावा तळहात उघडा ठेवून त्यावर ती नुसती टेकवायची, दर वेळी त्याच जागी, आणि धक्का बसेल तसा बसू द्यायचा. लेकीनं दस्त्याखाली खडूनं एक रेघ मारली, हात कुठं ठेवायचा त्याची. त्या रेघेनं जे झालं ते महागड्या दुर्बिणीनं झालं नव्हतं. छर्रेही ती निवडून घेते. डब्यातून एकेक काढून मागचा घेर चेपलेला असेल तर बाजूला. सपाट तोंडाचे घेतो, ते कागदात गोल, स्वच्छ भोक पाडतात. छर्रे शिशाचे, म्हणून मारून झालं की दोघंही साबणानं हात धुतो, मगच चहा. आणि बंदूक रिकामी कधी उडवायची नाही, दट्ट्या मोकळा आपटतो.

राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन करण्यात पुढाकार होता आपल्या दादासाहेब मावळंकरांचा, लोकसभेच्या पहिल्या अध्यक्षांचा. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही चालते. ते लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, बघू की कधीतरी. मी आग्रह केला नाही. ती अजून हौसेतच आहे, आणि मला ते आवडतं.

परवा संध्याकाळी लाइट जायच्या आत पाच बार मारायचे म्हणून बसलो होतो. तिचा तिसरा बार व्हायचा होता. गाल टेकलेला, श्वास अर्धा सोडलेला. तेवढ्यात पोत्यांवर दोन होले येऊन बसले. तिनं बोट चापावरून काढलं, नळी जमिनीकडं केली आणि थांबली. ओट्यावरून आई बघत होती. होले माती चोचीनं उकरत राहिले. उजेड कमी व्हायला लागला. ती थांबूनच होती.