काटा आणि आकडा

रेडिओवर केंद्र कसे लावायचे, असे विचारले तर वसतिगृहातला मित्र आकडा सांगेल. माझे वडील अंगठा फिरवून दाखवतील. दोघांचेही उत्तर बरोबरच आहे. फरक त्यांच्या संचांत आहे.

जुन्या संचात बटण फिरवले की दोरीवरचा काटा सरकतो आणि आत गँग कंडेन्सरच्या पात्या एकमेकींत शिरतात. त्यामुळे संचातल्या आंदोलकाची कंपनसंख्या बदलते. पुणे केंद्राची मध्यम लहर ७९२ किलोहर्ट्झची. ती पकडायची तर हा आंदोलक बहुधा ४५५ ने वर, म्हणजे १२४७ वर असावा लागतो. संच तापला की तो थोडा ढळतो. मग पुन्हा बटण हलवा! डिजिटल संचात क्वार्ट्झचा स्फटिक त्याला जागेवर धरून ठेवतो.

मात्र हा संच पायऱ्यांनी चालतो. मध्यम लहरींवर आपल्याकडे ९ किलोहर्ट्झची पायरी आहे, अमेरिकेत १० ची. संच १० च्या पायरीवर राहिला तर ७९० लागेल, ८०० लागेल, ७९२ नेमके लागणार नाही. आपोआप शोधणारे बटण तर क्षीण केंद्रापाशी थांबतही नाही.

शिष्यवृत्तीच्या पैशांतून मी घरी डिजिटल संच नेला. अण्णांना अक्षरओळख नाही. ते म्हणाले, "ह्याला आधी वाचता यायला पाहिजे, मग ऐकायचं." मी ७९२ पहिल्या कळीवर साठवून दिले. आता सकाळच्या बातम्या ते त्यावरच ऐकतात. काट्याची कटकट नको म्हणतात.

पण रात्री पाण्याची पाळी आली की शेतावर जुनाच संच जातो. सूर्यास्तानंतर मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परततात आणि दूरदूरची केंद्रे येऊ लागतात. खरखरीत बुडालेला एखादा आवाज अण्णा केसभर बटण फिरवून वर काढतात. तो कुठला, त्याचा आकडा काय, हे त्यांना सांगता येत नाही. मला आकडा वाचता येतो, पण तो आवाज अजून माझ्या हाती लागत नाही.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. 'अडाणी' हा शब्द इथे सहज कानावर पडतो. तो ऐकला की मला अण्णांचा अंगठा आठवतो, आणि तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही.