खालाच्या अंगणातली गोधडी

एप्रिलच्या शेवटी स्टाफरूममध्ये एका मॅडमनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणी बायका चार दिवसांसाठी फक्त शिवणकाम करायला जातात. राहणं, जेवण, सुई-दोरा सगळं तिथेच. त्याला म्हणे 'रिट्रीट' म्हणतात आणि हजारो रुपये मोजावे लागतात. सगळ्या 'किती छान' म्हणाल्या. मला मात्र हसू आलं. धुळ्याला माझी खाला हेच काम तीस वर्षांपासून फुकट करते आहे, वर चहा आणि कैरीचं लोणचं.

दर मे महिन्यात सुट्टी लागली की मी जळगावहून धुळ्याला जाते. अंतर ९० किलोमीटरच्या आसपास. एरंडोल गेलं, पारोळ्याचा किल्ला दिसला की निम्म्याहून जास्त रस्ता संपला. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे आता खाला म्हणते, "अब तो दो बार आया कर."

यंदा मात्र पाय जड होते. पिशवीत अम्मीचे कपडे होते: दोन साड्या, तीन ओढण्या, नमाजचा एक दुपट्टा. अम्मी जाऊन वर्ष झालं होतं. कपाट उघडलं की तिचा वास यायचा आणि मी कपाट बंद करायचे. भाऊ म्हणाला, गरिबांना देऊन टाक. चांगले होते ते दिले. पण हे विरलेले, हळदीचे डाग पडलेले कपडे कुणाला देणार? आणि टाकणार तरी कुठे?

खालाच्या घरी पोहोचले तेव्हा ऊन ४३ अंशांवर होतं. मागच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट चालू होती. अशा दिवसांत आमचं काम फजरनंतर सुरू होतं ते दहा वाजेपर्यंत. मग थेट असरनंतर. आधी जमिनीवर एक अख्खी साडी पसरायची. चारी कोपऱ्यांवर दगड. तिच्यावर जुन्या कपड्यांचे थर, सुरकुती राहू न देता. वर दुसरी साडी. कडा आत दुमडून कच्चे टाके घालायचे, की चार बायका चार बाजूंना बसतात आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जातात. सरकत सरकत सगळ्या मधोमध भेटतात. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी बायकाही अशाच कडेकडून आत शिवत जातात. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. शिवण्याची रीत एकच.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जातंच. अस्तर, रफू, अंगुस्तान, जर हे फारसीतून आलेले. सुई आणि शिवण इथले. आमच्या घरात 'गुदडी', शाळेत 'गोधडी'. आमच्याकडे मानतात की पहिल्यांदा कपडे शिवले ते हजरत इद्रीस अलैहिस्सलाम यांनी. आणि मराठीच्या तासाला मी ज्या संत नामदेवांबद्दल शिकवते, ते शिंपी. गाडगेबाबांना तर लोक गोधडे महाराजच म्हणायचे.

मी कात्री हातात घेतली आणि तशीच बसले. अम्मीची हिरवी साडी समोर होती. खाला बघत होती. म्हणाली, "काट बेटा. संभालके रखेगी तो कीड़े खाएंगे. काटेगी तो बच्चे ओढ़ेंगे." मी कापली. पहिल्या कापाला रडू आलं, नंतर नाही.

तीन दिवसांत तीन बाजू झाल्या. चौथी तशीच राहिली. पूर्वी ती बाजू शेजारच्या मावशींची असायची. भिंतीला भिंत लागून घर, शिंपी समाजाच्या. टाका इतका बारीक की खाला तिला 'मशीन' म्हणायची. २००८ च्या ऑक्टोबरात धुळ्यात दंगल झाली, संचारबंदी लागली. त्यानंतर मावशींच्या मुलांनी घर विकलं आणि पांझरेपलीकडे देवपूरला गेले. भांडण झालं नव्हतं. कुणी कुणाला वाईट बोललं नव्हतं. फक्त येणं थांबलं, आणि मग थांबलेलंच राहिलं. तेव्हापासून चौथी बाजू खाला स्वतःच शिवायची. यंदा तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. सुईत दोरा ओवताना तिने चारदा प्रयत्न केला आणि सुई खाली ठेवली.

मी म्हटलं, "मी करते." खाला म्हणाली, "नहीं. वो करेगी."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा केली. गोधडी चादरीत बांधून मांडीवर. पूल ओलांडताना खाला एकदम म्हणाली, "उसके बेटों को अच्छा नहीं लगा तो?" इतक्या वर्षांत ती याबद्दल पहिल्यांदा बोलत होती. नदी ओलांडायला रिक्षाला दोन मिनिटं लागली. आम्हाला पंधरा वर्षांहून जास्त.

दार सुनेने उघडलं. तिने आम्हाला ओळखलं नाही. आतून मावशी आल्या, भिंत धरत. "काय व माय, कव्हय उनी?" म्हणाल्या, जणू मागच्या आठवड्यात भेटलो होतो. मग त्यांचं लक्ष गोधडीकडे गेलं. हिरव्या तुकड्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "ही तुझ्या आईची ना? हिचा ब्लाउज मीच शिवला होता." अम्मी गेल्याचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं. मीही नाही. त्याची शरम अजून जात नाही.

मावशींनी चष्मा लावला आणि सतरंजी टाकायला सांगितली. दुपारपर्यंत चौथी बाजू झाली. टाका आता पूर्वीसारखा बारीक नाही. हात थरथरतो, काही टाके लांब, काही तिरपे. मोठा मुलगा जेवायला घरी आला. आम्हाला पाहून दारात क्षणभर थांबला. मग पाण्याचा तांब्या घेऊन आला, खालाच्या पुढे ठेवला आणि म्हणाला, "ऊन फार आहे, चार वाजल्यानंतर निघा." त्याहून जास्त काही बोलला नाही. आम्ही चार वाजता निघालो.

परतीच्या एसटीत गोधडी माझ्या मांडीवर होती. मे महिन्यात गोधडी घेऊन चाललेल्या बाईकडे शेजारीण बघत राहिली. शेवटी तिने हात लावून पाहिला आणि विचारलं, "ही एक बाजू दुसऱ्या हाताची दिसतेय?"

मी म्हटलं, "हो. मावशींची आहे."